'टाकाऊतून टिकाऊ' रस्ते : टिकाऊपणाचा हिशेब कोण देणार?

रस्त्याच्या कामाचा नारळ फुटताना अलीकडे एक नवे वाक्य हमखास कानी पडते. हा रस्ता 'टाकाऊतून टिकाऊ' या तत्त्वावर बांधला जाणार आहे, असे मंत्रिमहोदय सांगतात आणि टाळ्या पडतात. कुठे जुन्या रस्त्याचे खरवडून काढलेले डांबरी मिश्रण, कुठे प्लॅस्टिकचा कचरा, कुठे झिजलेल्या टायरांचा भुगा, तर कुठे पोलाद कारखान्यातला स्लॅग नव्या डांबरी रस्त्यात मिसळला जातो. कल्पना चांगली आहे आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु या घोषणेचे दोन भाग आहेत, ही गोष्ट टाळ्यांच्या गजरात विसरली जाते. वापरलेला माल टाकाऊ होता, हे उद्घाटनाच्या दिवशीच सिद्ध झालेले असते. रस्ता टिकाऊ आहे की नाही, हे मात्र पाच पावसाळे गेल्यावर कळते, आणि तोवर मंत्री, अभियंता व कंत्राटदार असे तिघेही दुसरीकडे गेलेले असतात. या दुसऱ्या भागाचा हिशेब कोणी, कोणत्या कसोटीवर आणि कोणापुढे द्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे. तो केवळ अभियंत्यांचा प्रश्न नाही.

प्रथम पुनर्वापराची बाजू मांडणे न्यायाचे होईल. डांबरी रस्त्याच्या थरात वजनाने सुमारे पंचाण्णव टक्के खडी आणि कच असते, डांबर अवघे पाच टक्क्यांच्या आसपास. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर पन्नास मिलिमीटरचा थर द्यावयाचा, तर आठशे टनांहून अधिक मिश्रण लागते. त्यात चाळीसेक टन डांबर आणि बाकी सारा दगड. हा दगड डोंगर फोडून येतो. महाराष्ट्राचा काळा पाषाण रस्त्यासाठी उत्तम, म्हणूनच शहरांभोवतीच्या टेकड्या पोखरल्या गेल्या. त्या फोडणारे हात बहुधा वडार समाजातील आणि दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या कुटुंबांचे असतात. त्यांच्या फुफ्फुसांत दगडाची धूळ साचते. १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्री-पुरुषांनी उन्हात बसून खडी फोडली. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला व्यापक रूप आले आणि १९७७ चा कायदा झाला, हे या पत्राच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. आज खडी यंत्राने फुटते, पण ती फुकट मिळत नाही. डांबर तर खनिज तेलाचा अवशेष. आपल्या गरजेचा मोठा हिस्सा परदेशातून विकत आणावा लागतो.

अशा स्थितीत जुन्या रस्त्याचा थर खरवडून फेकून देणे हा शुद्ध अपव्यय होय. त्या थरातली खडी अजून खडीच असते आणि डांबरही पूर्णपणे निकामी झालेले नसते. वरील हिशेबातल्या रस्त्यात तीस टक्के जुने मिश्रण वापरले, तर किलोमीटरमागे सुमारे दोनशे चाळीस टन नवा माल वाचतो आणि त्यात बारा टनांच्या आसपास डांबर असते. हा माल एकदा जनतेच्या पैशाने विकत घेतलेला आहे. ती सार्वजनिक मालमत्ता आहे. खरवडलेल्या प्रत्येक टनाची नोंद मोजमाप पुस्तकात झाली पाहिजे, ही पहिली मागणी येथूनच निघते. जो माल मोजला जात नाही, तो कोणाच्या तरी प्लॉटच्या भरावात जातो.

परंतु 'तीस टक्के वापरले' हे वाक्य कागदावर जितके सोपे, तितके ते रस्त्यावर सोपे नाही. डांबर म्हातारे होते. कारखान्यात तापवताना आणि मग वर्षानुवर्षे ऊन-वारा खाताना त्याचा प्राणवायूशी संयोग होतो, त्यातले तेलकट घटक कमी होतात आणि जड, ताठर घटक वाढतात. परिणामी ते कडक होते आणि ठिसूळही. ताजे डांबर ओढले तर लवते, जुने तुटते. आता रस्त्याचे दुखणे दोन प्रकारचे असते. वैशाखातल्या उन्हात डांबर मऊ पडते आणि अवजड चाकांखाली चाकोऱ्या उमटतात, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात, वाहनांच्या रोजच्या दाबाने थर पुन्हापुन्हा वाकून थकतो आणि मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी पडते. तीतून पाणी आत शिरते, खडीवरचे डांबर सुटते आणि खड्डा जन्माला येतो. जुने, कडक डांबर पहिल्या दुखण्यावर औषध आहे. दुसऱ्या दुखण्याला मात्र ते निमंत्रण ठरू शकते.

येथे चाचणीचे राजकारण सुरू होते. आपल्याकडे डांबरी मिश्रणाची प्रचलित कसोटी म्हणजे मार्शल चाचणी. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या रस्ते खात्यातील ब्रूस मार्शल यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती बसवली. मिश्रणाची चार इंच व्यासाची वडी साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवावयाची, मग दोन कमानींच्या चिमट्यात दाबावयाची आणि ती किती भार सोसून ढासळते ते पाहावयाचे. आता उघड आहे की, मिश्रणात कडक झालेले जुने डांबर असेल तर ही वडी अधिक भार सोसेल. प्लॅस्टिकचे वेष्टण दिलेली खडी असेल तरीही अधिक भार सोसेल. मग अहवालात लिहिले जाते की, पुनर्वापरित मिश्रणाची स्थिरता नव्या मिश्रणापेक्षा सरस आढळली. वाक्य खरे असते, पण ते अर्धे असते. ज्या परीक्षेत विद्यार्थी मुळातच हुशार, तेवढ्याच परीक्षेची गुणपत्रिका दाखवून त्याला सर्व विषयांत उत्तीर्ण ठरवण्यातला हा प्रकार आहे. भेगा पडतील का, याचे उत्तर मार्शल चाचणी देत नाही. त्यासाठी मिश्रणाची तुळई हजारो वेळा वाकवून ती कधी थकते ते पाहावे लागते. चाकोरीसाठी भारित चाक हजारो फेऱ्या फिरवावे लागते. पावसासाठी ओल्या आणि कोरड्या नमुन्यांची ताण सोसण्याची शक्ती ताडून पाहावी लागते. ओल्या नमुन्याने कोरड्याच्या किमान ऐंशी टक्के शक्ती टिकवली पाहिजे, अशी अट आपल्या मानकांतही आहे. या चाचण्या महाग आहेत, वेळ खातात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची यंत्रे सहसा नसतात. म्हणून जी चाचणी सोपी तीच होते, आणि जी होते तीच पुरेशी समजली जाते.

आणखी एक गोष्ट अंदाजपत्रकात दिसत नाही. तेच कडक मिश्रण एका रस्त्यावर गुणकारी आणि दुसऱ्यावर घातक ठरू शकते. महामार्गाचे डांबरी थर जाड असतात. जाड थर जितका ताठ, तितका तो भाराखाली कमी वाकतो; तेथे थोडे कडक डांबर फायद्याचे. खेड्याच्या रस्त्याची गोष्ट निराळी. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील कित्येक रस्त्यांवर डांबरी गालिचा अवघा वीस मिलिमीटरचा असतो आणि त्याखालचा पाया बेताचा. हा पातळ थर स्वतः भार पेलत नाही. पाया वाकेल तसा त्यालाही वाकावे लागते. तेथे ठिसूळ मिश्रण टाकणे म्हणजे रबरी सपातेच्या जागी काचेची सपाते घालण्यासारखे आहे. सरसकट एकच टक्केवारी ठरवणाऱ्या परिपत्रकात हा भेद हरवतो आणि त्याची किंमत वाडीवस्तीवरचा माणूस देतो.

मग जुन्या डांबराचा वापर सोडून द्यावा काय? मुळीच नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने या विद्येकडे गंभीरपणे लक्ष दिले. जपानने तर यात फार मजल मारली आहे. तेथे जुने डांबर किती कडक झाले आहे ते आधी मोजतात आणि मर्यादेपलीकडचा माल गरम मिश्रणात घेत नाहीत. अलाबामातील ऑबर्न येथे २००० सालापासून एक लंबवर्तुळाकार चाचणी-रस्ता चालू आहे. त्यावर भरलेले ट्रक अखंड फिरवून, दहा-पंधरा वर्षांचा भार दोन-तीन वर्षांत घालून निरनिराळी मिश्रणे पारखली जातात. तेथे पन्नास टक्के जुने मिश्रण घातलेले तुकडेही चांगले टिकलेले दिसले. म्हणजे विद्या खोटी नाही. ती पथ्ये मागते. जुना माल चाळून, प्रतवारी करून, पावसापासून झाकून ठेवावा लागतो. त्यातल्या डांबराचा कडकपणा मोजून त्या मानाने मऊ प्रतीचे नवे डांबर किंवा संजीवक तेल घालावे लागते. जुने डांबर नव्यात खरोखर किती मिसळले आणि किती नुसते दगडाला चिकटून राहिले, याचा अंदाज घ्यावा लागतो. ते मिसळलेच नाही, तर हिशेबातले बारा टन डांबर वाचले असे म्हणता येत नाही, उलट मिश्रण डांबराला भुकेले राहते. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१५ साली या कामाचे मानकही काढले आहे. उणीव नियमांची नाही, नियम पाळले गेल्याच्या पुराव्याची आहे.

पुराव्याआधी सक्ती केल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेनेच घालून दिला आहे. टायरचा भुगा डांबरात शिजवण्याची पद्धत ॲरिझोनातील चार्ल्स मॅक्डोनल्ड यांनी १९६० च्या दशकात रुजवली होती आणि ती चांगली ठरली होती. १९९१ साली अमेरिकी संसदेने कायद्याने ठरवले की, संघराज्याच्या पैशाने होणाऱ्या डांबरी कामांत टायरच्या भुग्याचा वापर १९९४ मध्ये पाच टक्के कामांपासून सुरू करून १९९७ पर्यंत वीस टक्क्यांवर न्यावा. राज्यांना त्या कामाचा अनुभव नव्हता, खर्च वाढणार होता आणि टिकाऊपणाविषयी शंका होत्या. विरोध इतका झाला की १९९५ मध्येच ती सक्ती रद्द करावी लागली. ज्या राज्यांनी सावकाश, तपासून ही विद्या आत्मसात केली होती, तेथे ती नंतरही चालू राहिली.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील प्लॅस्टिक रस्त्यांकडे पाहावे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी २००२ च्या सुमारास ही पद्धत प्रत्यक्ष रस्त्यावर आणली. तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचे तुकडे टाकले की ते वितळून खडीवर पातळ वेष्टण चढते, आणि मग वरून डांबर घातले जाते. त्यामुळे खडी पाणी कमी शोषते आणि डांबराला घट्ट धरते. वासुदेवन यांनी हे तंत्र मोबदला न घेता सरकारच्या हाती दिले, ही विशेष गौरवाची गोष्ट. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात या गुणाला मोल आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने पाच लाखांवर वस्ती असलेल्या शहरांच्या हद्दीपासून पन्नास किलोमीटरच्या आत डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लॅस्टिकचा वापर बंधनकारक केला. परंतु प्लॅस्टिक कोणते, यावर सारे अवलंबून आहे. पीव्हीसी तापवले की विषारी वायू सुटतो, म्हणून ते वर्ज्य. माती, अन्न, ओल यांनी बरबटलेला माल धुऊन, वाळवून, निवडल्याशिवाय चालत नाही. ही निवड करणारे हात कोणाचे असतात? कचरावेचक स्त्रियांचे. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या श्रमांना नाव आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. रस्त्याच्या अंदाजपत्रकात मात्र त्या श्रमाची स्वतंत्र ओळ शोधूनही सापडणे कठीण.

आणि कचऱ्याचा प्रश्न रस्ते सोडवतील, हा दावा तर साध्या त्रैराशिकाने तपासता येतो. पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर पंचवीस मिलिमीटरचा थर दिला, तर सुमारे दोनशे पंधरा टन मिश्रण लागते. त्यात पावणेअकरा टन डांबर. त्याच्या आठ टक्के प्लॅस्टिक धरले तर ते एक टनही भरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीप्रमाणे देशात त्या वर्षी सुमारे एक्केचाळीस लाख टन प्लॅस्टिक कचरा झाला. तो सारा रस्त्यांत घालावयाचा, तर दरवर्षी पंचेचाळीस लाख किलोमीटरहून अधिक रस्त्यांना नवा थर द्यावा लागेल; देशातील रस्त्यांची एकूण लांबीच सुमारे त्रेसष्ट लाख किलोमीटर आहे! तरीही हा दावा का केला जातो? २०२२ च्या नियमांनुसार प्लॅस्टिकची वेष्टणे बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर त्या कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी आहे आणि ज्याचे पुनश्चक्रीकरण होत नाही अशा प्लॅस्टिकसाठी रस्तेबांधणी ही मान्य विल्हेवाट आहे. कंपनीची जबाबदारी अशा रीतीने सार्वजनिक रस्त्यात पुरली जाऊ शकते, आणि पुढे तो रस्ता उखडला तर दुरुस्तीचा खर्च करदात्याच्या माथी येतो. रस्ता ही कचराकुंडी नव्हे. ज्या पदार्थाने रस्त्याचे आयुष्य वाढते तोच रस्त्यात यावा. कोणाची तरी अडचण दूर होते म्हणून येऊ नये.

रस्त्यावर पडणाऱ्या भाराचा विचारही येथे टाळता येत नाही. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून एक ठोकताळा हाती आला: आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर हानी सोळापट. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहनांच्या आसभाराची मर्यादा वाढवली. चार चाकांच्या एका आसासाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ तेरा टक्क्यांच्या आत, पण या ठोकताळ्याने हानी साठ टक्क्यांच्या घरात वाढते. आधीच उभ्या असलेल्या रस्त्यांची जाडी त्याबरोबर वाढली नाही. उद्या असा रस्ता फुटला, की दोष पुनर्वापराच्या मालावर ढकलणे सोपे जाईल. म्हणूनही चाचणीचे निकाल आणि भाराच्या नोंदी जनतेसमोर असणे आवश्यक आहे. त्यावाचून माल वाईट, काम वाईट की भार बेकायदा, हे कधीच ठरणार नाही.

डांबराच्या धुरात उभ्या असलेल्या मजुराचा उल्लेख या चर्चेत क्वचितच होतो. रस्त्याच्या कामात डांबराच्या वाफा अंगावर घेणे संभाव्यतः कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ च्या बैठकीत ठरवले. जुने, कडक मिश्रण पातळ करण्यासाठी भट्टीचे तापमान वाढवले की धूरही वाढतो. प्लॅस्टिक प्रमाणाबाहेर तापले तर त्यात आणखी भर पडते. तापमापकाची नोंदवही हा मजुराच्या आरोग्याचाही दस्तऐवज आहे.

'हे सारे तांत्रिक, कार्यकर्त्याने यात काय करावयाचे?' असे कोणी म्हणेल. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण त्याला द्यावे. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो बांधला तेव्हा महापालिकेने तिच्याकडून दहा वर्षांची लेखी हमी घेतली होती, आणि रस्ता हमीच्या मुदतीनंतरही कित्येक वर्षे खड्ड्यांविना राहिला. तेथे अभियंत्याचे कौशल्य होतेच. पण हमी मागण्याचा निर्णय लोकप्रतिनिधींचा होता. हमी मागणे हे राजकीय काम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला व ती रक्कम जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करण्यास सांगितले. मेल्यानंतरची भरपाई हा न्यायाचा शेवटचा टप्पा होय. पहिला टप्पा रस्ता होण्यापूर्वीचा आहे.

म्हणून प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक नगरपालिकेत पुढील मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत. खरवडलेल्या जुन्या मालाची टनवारी नोंद व्हावी आणि त्याचे मोल बिलातून वजा व्हावे. पुनर्वापराच्या मिश्रणाला मार्शल चाचणीबरोबर थकव्याची, चाकोरीची आणि ओलाव्याची चाचणी सक्तीची असावी. ती कंत्राटदाराच्या प्रयोगशाळेत न होता शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात व्हावी आणि निकाल कामाच्या फलकावर मराठीत लागावेत. मिश्रणाचे प्रमाण रस्त्याची जाडी व वाहतूक पाहून ठरावे. ग्रामसडक योजनेत कंत्राटदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. पुनर्वापराच्या प्रत्येक रस्त्याला किमान तेवढी हमी असावी. प्लॅस्टिक निवडणाऱ्या कचरावेचकांची मजुरी अंदाजपत्रकात दाखवली जावी आणि ती कंपन्यांकडून वसूल व्हावी.

मागण्या करून थांबण्याचेही कारण नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला केवळ कागद पाहण्याचा हक्क दिलेला नाही. सार्वजनिक कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क त्याला आहे. या कलमाचा वापर फार थोडे कार्यकर्ते करतात. येत्या हंगामात डांबरीकरणाची कामे सुरू होतील तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक रस्ता निवडावा, त्याच्या मिश्रणाचा चाचणी-अहवाल मागवावा, मालाचा प्रमाणित नमुना घ्यावा आणि तो रस्ता पुढील पाच पावसाळे दरवर्षी चालून पाहावा. कोठे भेग पडली, कोठे चाकोरी उमटली, याची तारखेनिशी वही ठेवावी. अशा शंभर वह्या जमल्या, तर 'टिकाऊ' या शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार उद्घाटनाच्या व्यासपीठावरून उतरून रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या हाती येईल.